ग्रॅन्युलोमायुक्त ओष्ठशोथ : उपचार
ओठ वा गाल महिनोन्‌महिने सुजलेले ठेवणारा, सहसा न दुखणारा विकार. सूज आधी येते-जाते. पुढे ओठ रबरासारखा घट्ट होऊन मधोमध चिरतो. क्षय आणि कुष्ठरोग वगळल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत; त्यासाठी ओठाचा तुकडा तपासतात. क्रोनचा आजार (आतड्यांचा जुनाट दाह) आहे का, हेही पाहावे लागते. रश्श्याच्या मसाल्यातली दालचिनी आणि शीतपेयांतले बेंझोएट बंद केल्याने काहींना उतार पडतो. मुख्य उपचार ओठात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने. सूज पुन्हा येऊ शकते. मग क्लोफाझिमिन. हे औषध कुष्ठरोगावरचे. त्याने कातडी तांबूस-काळी पडते, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. शस्त्रक्रिया सूज स्थिरावल्यावरच.