मांडवीकाठचं छोटं चॅपेल

जुन्या गोव्यात गर्दी असते ती मोठ्या चर्चेसमध्ये. सेंट फ्रान्सिस ऑफ असीसीच्या चर्चच्या पश्चिमेला, मांडवीच्या अंगाला, जांभ्या दगडातलं एक लहानसं चॅपेल आहे, सेंट कॅथरीनचं. तिकडे फारसं कुणी वळत नाही. मी वळलो, आणि फौजी सवयीने आधी नदी पाहिली.

कारण ही जागा लढाईची आहे. 1510च्या सुरुवातीला अल्बुकर्कने गोवा घेतला. शहरात शिबंदी कमी आहे, ही खबर त्याला तिमय्याने दिली होती. पण मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकावलं. पावसाळा सुरू झालेला, मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा, बाहेर खवळलेला समुद्र. जहाजं नदीतच अडकली. काठावर शत्रू, जहाजांवर उपासमार. ऑगस्टमध्ये ती कशीबशी बाहेर पडली. दुसरा कुणी असता तर परत फिरकला नसता. हा नोव्हेंबरात अधिक जहाजं घेऊन आला आणि 25 तारखेला, सेंट कॅथरीनच्या दिवशी, शहरात घुसला.

ज्या दरवाजातून तो शिरला, ती हीच जागा, असं इथल्या शिलालेखात आहे. गव्हर्नर जॉर्ज काब्रालने 1550 मध्ये चॅपेल वाढवलं, तेव्हाचा तो दगड. आज दिसणारी वास्तू 1952 साली पुन्हा बांधलेली आहे.

सैनिक म्हणून मी त्या चिकाटीला दाद देतो. पण गोष्ट इथे संपत नाही. शहर पडल्यावर चार दिवस मुसलमान रहिवाशांची कत्तल चालली. हे विरोधकांनी रचलेलं नाही. अल्बुकर्कने स्वतः आपल्या राजाला तसं कळवलं आणि मृतांचा आकडा सहा हजार दिला. त्यात बायका-मुलंही होती. दगडावर मात्र फक्त विजय आहे.

आमच्या पलटणीच्या स्मारकासमोर मी कित्येक वर्षं सलामी दिली. त्यावर आमची नावं आहेत, समोरच्यांची नाहीत. स्मारकं अशीच असतात. म्हणून लढाई जिंकणं आणि जिंकल्यावर हत्यार आवरणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे आपणच लक्षात ठेवायचं. दुसरीचा निकाल दगडावर कोरला जात नाही.

पुढे साथींनी ते वैभवी शहरही ओस पडलं. राजधानी पणजीला गेली. जुन्या गोव्याला गेलात तर पाच मिनिटं इथे थांबा. दगड वाचा, आणि त्यावर जे नाही तेही आठवा.

जय हिंद.