तीस चौरस फुटांमागे एक फूट बैठक

न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर १९५८ साली सीग्रॅम इमारत पुरी झाली. मीस फान डेर रोह या वास्तुकाराने ती रस्त्यापासून मागे सरकवून पुढे दगडी फरसबंदीचे मोकळे अंगण सोडले. कडेच्या बुटक्या कठड्यांवर दुपारी लोक डबे उघडून बसू लागले. शहराला हे अंगण इतके भावले की १९६१च्या बांधकाम नियमांत त्यासाठी चक्क सौदाच मांडला गेला: दाट व्यापारी भागात एक चौरस फूट अंगण सोडा आणि दहा चौरस फूट जादा मजले बांधा.

पुढच्या बारा वर्षांत अकरा लाख चौरस फुटांहून अधिक मोकळी जागा अशी तयार झाली. पण तीतली बरीचशी ओसच राहिली. कुठे बसायला काही नव्हते, तर कुठे कठड्यांवर लोखंडी खिळे ठोकलेले.

या ओसाडीचा शोध घेणारा विल्यम एच. व्हाइट हा वास्तुकार नव्हता, ‘फॉर्च्यून’ मासिकाचा माजी संपादक होता. म्हणूनच मला तो जवळचा वाटतो. सत्तरच्या दशकात त्याने आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी या अंगणांसमोर चित्रीकरणाचे कॅमेरे लावले आणि माणसे मोजली. ऊन, आकार, क्षेत्रफळ या कशानेच गर्दीचा उलगडा पुरेसा होईना. उत्तर अगदी साधे निघाले. जिथे बसायला जागा, तिथे माणसे. आपल्या वडाच्या पाराला हे कुणी शिकवावे लागले नाही. पण तिथे १९७५ साली नियमच करावा लागला: अंगणाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक. तिची उंचीही ठरवून दिली.

मला या नियमात शोभेपेक्षा हिशोब दिसतो. जादा मजल्यांच्या रूपाने मोबदला मालकाने आधीच घेतला होता. बाक ही त्याची मेहेरबानी नव्हे, लोकांचे येणे होते.

मात्र बसण्याचा हक्क कुठवर, हे पुढे कळायचे होते. लोअर मॅनहॅटनमधले झुकोटी पार्क १९६८ साली अशाच सौद्यातून जन्मले. २००६मध्ये तिथे नवी झाडे, दगडी बाक, जमिनीत बसवलेले दिवे आले. जागा खासगी मालकीची, पण चोवीस तास खुली. १७ सप्टेंबर २०११ला वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलक तिथे बसले ते उठलेच नाहीत. मग मालकाने तंबू आणि आडवे होणे यांवर बंदी घातली. १५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी जागा रिकामी केली आणि त्याच दिवशी न्यायालयाने मालकाचे नियम उचलून धरले.

शेजारच्यांना रात्रंदिवसाच्या ढोलांचा त्रास झाला, हेही खरे. तरीही प्रश्न उरतोच. बैठकीची लांबी-उंची शहराने ठरवली. तिच्यावर बसून काय करायचे, हे ठरवणे मात्र मालकाच्या हाती राहिले. सौदा लिहिताना लोकांच्या बाजूने तो वाचणारे कुणी नसले, की असे होते.