मधले माणूस

मधले माणूस म्हटले की आपल्याला दलाल आठवतो. शेतकरी आणि गिऱ्हाईक ह्यांच्यामध्ये उभा राहून दोघांच्याही पदरातले काढून घेणारा! परंतु ज्ञानाच्या बाजारात एक मधले माणूस असे होऊन गेले, की त्याने दोन्ही बाजूंच्या पदरात काही घातले आणि स्वतः मात्र पडद्याआड राहिले. त्याचीच ही हकीकत.

स्थळ व्हिएन्ना. पहिले महायुद्ध संपले होते, साम्राज्य मोडले होते. शहरात घरांची टंचाई होती आणि क्षयाने ठाण मांडले होते. 1919 मध्ये नगरपालिका समाजवादी पक्षाच्या हाती आली. तिने नवे कर बसवून कामगारांसाठी घरे बांधायला काढली; 1934 पर्यंत 60,000 हून अधिक बिऱ्हाडांची सोय झाली. पण कर कशाला द्यायचा, पैसा कोठे जातो, तान्ह्या मुलांचे मृत्यू घटले की वाढले, हे त्या कामगाराला कळावे कसे? अहवाल होते, परंतु दिवसभर राबून आलेल्या माणसापुढे आकड्यांचे कोष्टक ठेवणे म्हणजे भुकेल्यापुढे पाकशास्त्राचे पुस्तक ठेवणे होय.

ही अडचण ओटो नॉयराथ ह्यांनी ओळखली. ते अर्थशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ. 1925 मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या साहाय्याने समाज आणि अर्थव्यवहार ह्यांचे एक संग्रहालय उभे केले. तेथे भिंतींवर तक्ते होते, आणि तक्त्यांत आकड्यांच्या जागी चित्रे. त्यांचा मुख्य नियम अगदी साधा होता. संख्या वाढली तर चित्र मोठे करायचे नाही. त्याच मापाची चित्रे अधिक काढायची. दुप्पट लोकसंख्या दाखवण्यासाठी माणूस दुप्पट उंच काढला, तर तो रुंदीतही दुप्पट होतो आणि कागदावर चौपट जागा व्यापतो. डोळा फसतो. त्यापेक्षा एकासारखी एक दोन माणसे शेजारी उभी करावीत. मोजता येणाऱ्या कोणालाही ती मोजता येतील.

गेर्ड आर्न्ट्स नावाचा चित्रकार ही चिन्हे लिनोलियमवर कोरीत असे. त्याने पुढे अशी हजारो चिन्हे केली. म्हणजे विद्वान होता आणि चित्रकारही होता. मग आणखी काय हवे होते?

हवे होते ते मधले माणूस. मारी रायडेमाइस्टर ही 1898 मध्ये ब्राउनश्वाइग येथे जन्मलेली, गणित आणि पदार्थविज्ञान शिकलेली बाई 1925 पासूनच ह्या कामात आली. तज्ज्ञांकडून आकडे घ्यायचे, त्यांत खरोखर सांगण्यासारखे काय आहे ते शोधायचे, काय ठेवायचे नि काय गाळायचे ते ठरवायचे, कच्चा आराखडा काढायचा आणि मग तो चित्रकाराच्या हाती द्यायचा, हे तिचे काम. त्याला नाव दिले होते ‘रूपांतरकार’. तज्ज्ञाच्या खोलीत बसून वाचकाची बाजू मांडणारा वकीलच तो! तक्ता तीन वेळा पाहिल्यावर चौथ्यांदाही नवे काही सापडू लागले, तर तो तक्ता फसला, अशी त्यांची कसोटी होती.

परंतु ह्या कलेची एक काळी बाजू लवकरच दिसली. 1931 मध्ये सोव्हिएत सरकारने मॉस्कोत चित्रमय आकडेवारीची संस्था काढली आणि व्हिएन्नाच्या मंडळींना शिकवायला बोलावले. पंचवार्षिक योजनेतील कारखाने, पोलाद, ट्रॅक्टर ह्यांच्या रांगा तक्त्यांवर उभ्या राहिल्या. त्याच सुमारास, 1932-33 मध्ये, युक्रेनमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि सरकारने तो दुष्काळ जगापासून लपवला. चिन्हे तीच, नियमही तेच. पण लपवलेल्या आकड्याचे चित्र निघत नाही. अवघड अहवाल वाचताना माणूस निदान शंका तरी घेतो. सोपे चित्र त्याला एका नजरेत पटते, आणि म्हणूनच काय गाळले हे ठरवणाऱ्या माणसाची सचोटी तेथे अधिक मोलाची ठरते.

1934 च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात यादवी पेटली, समाजवादी पक्ष चिरडला गेला आणि ही मंडळी हेग येथे गेली. ह्या पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव तेथे, 1935 मध्ये मिळाले. ते सुचवले मारीनेच. 1940 मध्ये जर्मन फौजा हॉलंडात शिरल्या, तेव्हा नॉयराथ आणि मारी एका जीवरक्षक नावेतून समुद्रात निघाले. इंग्लंडात पोहोचल्यावर दोघांनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. सुटल्यावर 1941 मध्ये त्यांनी लग्न केले आणि 1942 मध्ये ऑक्सफर्डला संस्था काढली. 1945 च्या डिसेंबरात नॉयराथ गेले.

मारीबाई थांबल्या नाहीत. 1950 नंतरच्या दशकात पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी त्यांनी शिक्षण, आरोग्य, शेती ह्यांवर पुस्तिका केल्या. व्हिएन्नाची टोपीवाली माणसे तेथे चालणार नव्हती. म्हणून घरे, पोशाख, माणसे सारी तिथल्या लोकांच्या ओळखीची घ्यावी लागली. ज्या चिन्हांना जगाची भाषा म्हणत, त्यांचेही रूपांतर करावे लागले ते असे. 1971 मध्ये त्यांनी सारा संग्रह रेडिंग विद्यापीठाला दिला आणि 1986 मध्ये त्या निवर्तल्या.

आज रेल्वे स्थानकावर, इस्पितळात, मोबाईलच्या पडद्यावर त्या चिन्हांचे वंशज आपल्याला वाट दाखवतात. परंतु माझ्यासारख्या शाळामास्तराला मोह पडतो तो त्या मधल्या जागेचा. इतिहासाचा एक धडा शिकवायला उभा राहिलो की फळ्यावर चार नावे लिहितो आणि चाळीस पुसतो. मुले ती चारच घेऊन घरी जातात. पुसलेली चाळीस त्यांनी कधीच पाहिलेली नसतात. ती मला एकट्यालाच ठाऊक असतात.