काम झाले की घंटा वाजवा

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. एक दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन 'साताऱ्याची गाडी लागली का?' असे विचारतो. दुसरा बाकावर वर्तमानपत्र वाचत बसतो आणि ध्वनिक्षेपकावर गाडी पुकारली की उठतो. संगणकशास्त्रात पहिल्या पद्धतीला 'पोलिंग' आणि दुसरीला 'इंटरप्ट' म्हणतात. तासन्‌तास चालणारे गणित यंत्राकडे सोपवले, की ते संपल्याचे कळावे कसे, हा प्रश्न याच जातीचा आहे. तो संगणकाइतकाच जुना आहे.

मँचेस्टर विद्यापीठात १९५१ साली आलेल्या 'फेरांटी मार्क १' या संगणकाला चक्क भोंगा होता. एका विशिष्ट आज्ञेने त्याला एक सूक्ष्म धक्का बसे. तीच आज्ञा पुन्हापुन्हा दिली की त्या धक्क्यांचा सलग सूर होई. आज्ञावलीच्या शेवटी हे आवर्तन ठेवले, की गणित संपल्याचे चालकाला खोलीत कोठेही ऐकू येई. या यंत्राची पहिली माहितीपुस्तिका अॅलन ट्युरिंग यांनी लिहिली होती, आणि भोंग्याचे वर्णन तिच्यात आहे. ख्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी तर त्यातून गाणेही वाजवून घेतले!

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली पूर्ण झाला. १९६४ मध्ये तेथे 'सीडीसी ३६००' आला आणि इतर संस्थांतील संशोधकही त्यावर गणिते करू लागले. भोंगा येथे निरुपयोगी ठरला असता, कारण ज्याचे काम तो यंत्राजवळ नसेच. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. फोरट्रानमधला एखादा स्वल्पविराम चुकला असेल, तर तेही छापील कागद हाती आल्यावरच कळे. यंत्राचा तास महाग होता, माणसाचा स्वस्त. म्हणून यंत्राने कधी थांबायचे नाही, माणसाने थांबायचे, अशी ती व्यवस्था होती. तिला कोणी अन्याय म्हटले नाही, पण हिशेब तोच होता.

घंटा परत आली ती तारखात्यातून. दूरमुद्रकापाशी माणूस सतत बसून नसे. महत्त्वाचा संदेश आला तर त्याला हाक मारणे भाग होते. म्हणून तारेच्या पाच-घटकी सांकेतिक लिपीत अक्षरांबरोबर घंटेलाही एक संकेत दिलेला होता. १९६३ साली संगणकांसाठी 'आस्की' ही लिपी ठरली, तेव्हा तिच्यात घंटेला ७ हा क्रमांक मिळाला. त्या काळच्या टेलिटाइप यंत्रात खरोखरची धातूची घंटा असे. पुढे कागदाच्या जागी पडदा आला आणि घंटेची 'पीप' झाली, तरी क्रमांक ७ तसाच राहिला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या कुळातली घंटा आजच्या संगणकांतही आहे.

युनिक्सवर लांबचे काम पार्श्वभूमीला टाकून दुसरे काम करता येऊ लागले, तेव्हा सौजन्याचा प्रश्न उभा राहिला. बर्कले येथे बिल जॉय यांनी लिहिलेला 'सी-शेल' काम संपल्याची बातमी हाती असलेली आज्ञा पुरी होईपर्यंत राखून ठेवी. तत्काळ हवी असेल तर 'नोटिफाय' म्हणायचे. मग ती मजकूर लिहिता लिहिता मध्येच येई. माणसाच्या कामात केव्हा तोंड घालावे, हे असे माणसावरच सोपवलेले होते.

पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभारला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक आले. अशा यंत्रांवर काम रांगेत लावावे लागते. लावतानाच 'सुरू झाल्यावर कळवा, संपल्यावर कळवा, बिघडल्यावर कळवा' असे लिहून ठेवले, की ई-मेल येते.

यातले 'बिघडल्यावर' फार महत्त्वाचे. संपणे आणि यशस्वी होणे एक नव्हे. युनिक्समधली प्रत्येक आज्ञा संपताना मागे एक आकडा ठेवते: शून्य म्हणजे ठीक, अन्य काहीही म्हणजे चूक. दोन आज्ञांमध्ये अर्धविराम घातला, तर पहिली फसली तरी दुसरी, म्हणजे घंटेची आज्ञा, चालतेच. त्याऐवजी 'अँड'ची दोन चिन्हे घातली, तर यश आले तरच घंटा वाजते. एस.टी.च्या कंडक्टरला हा फरक ठाऊक आहे: एक घंटा थांबा, दोन घंटा चला. विद्यार्थ्यांना लिनक्सवर हे करून पाहता येईल: चूक झाल्यास एक घंटा, नीट झाल्यास दोन. (घंटांमध्ये सेकंदाचे अंतर ठेवावे, नाहीतर एकच ऐकू येते.)

तरी एक अडचण उरते. वीज गेली किंवा यंत्रच बंद पडले, तर घंटा वाजवणार कोण? काम चालू असतानाची शांतता आणि यंत्र बंद पडल्यावरची शांतता कानाला सारखीच. म्हणून कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज आधी मांडावा, आणि तो बराच उलटून गेला तर बाकावरून उठून खिडकीपाशी जावे.