घोषित किमतीचा अभ्यास : प्रस्तावना

जामसांवलीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला नागपूरहून येणारा भाविक वाटेत राज्याची सीमा ओलांडतो. 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. नाका म्हणजे काय, हे या मुलखाला समजावून सांगावे लागत नाही. माल काय, किती आणि केवढ्याचा, हे नाक्यावरचे तीन प्रश्न. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले. परदेशी पार्सलावर मात्र तेच तीन प्रश्न आजही कायम आहेत. पाकिटावर चिकटवायच्या सीएन 22 या चिठ्ठीवर आणि मोठ्या पार्सलासोबतच्या सीएन 23 फॉर्मवर त्यांची उत्तरे पाठवणाऱ्याने स्वतः लिहायची असतात. नाणी, तिकिटे, जुन्या नोटा जमवणाऱ्यांनी या विषयाकडे वळावे, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले दोन प्रश्न सोपे. सारी गंमत तिसऱ्यात आहे. आपल्या सीमाशुल्क कायद्याचे (1962) कलम 14 सांगते की किंमत म्हणजे व्यवहारात खरोखर दिलेला किंवा द्यायचा मोबदला. आयातीच्या वेळी त्यात वाहतूक आणि विमाही मिळवतात. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात निघालेली रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली. तेव्हा जाहीर झालेला 47.15 लाख रुपयांचा आकडा हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून होता. सौंसर-पांढुर्ण्याचा आपला हा देवगडचा मुलूख नागपूरच्या ज्या रघुजींच्या राज्यात होता, त्यांचीच ही तलवार. तिचा हिशेबही आपल्या पार्सलासारखाच मांडावा लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण संग्राहक नेहमी विकत घेतो असे कुठे आहे? तो अदलाबदल करतो. आपल्याकडचे डबल तिकीट द्यायचे, समोरच्याचे घ्यायचे. पैसा हातातून जातच नाही. मग दिलेला मोबदला कोणता? 2007 चे मूल्यांकन नियम इथे क्रमाने वाट दाखवतात: तशाच वस्तूची किंमत, मग तिच्यासारख्या वस्तूची, आणि तिथेही थांग लागला नाही तर पुढचे नियम. तिकिटावर छापलेला आकडा इथे उपयोगी पडत नाही. कॅटलॉगमधला आकडाही जपून वापरावा, कारण बाजारात तो क्वचितच मिळतो. मला विचाराल तर सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे अलीकडच्या लिलावात तशाच प्रतीच्या नगाला आलेला भाव. तो शोधणे हाच अभ्यास आहे, आणि तो करणाऱ्याला आपला संग्रह नव्याने कळतो.

कमी किंमत लिहिण्याचा मोह मोठा असतो. ‘भेट’ असे लिहून सुटका होईल, हा समज तर घरोघरी आहे. 12 डिसेंबर 2019 च्या आदेशाने भेट म्हणून करमाफी मागत टपालाने किंवा कुरियरने वस्तू आणण्यावर बंदी आली. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. खोटी किंमत आढळली तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111 खाली माल जप्त होऊ शकतो. आणि पार्सल हरवले तर? 1958 मध्ये होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला साध्या रजिस्टर टपालाने गेला. खर्च आला 145.29 डॉलर, त्यात टपालाचे फक्त 2.44 आणि बाकी सगळे विम्याचे. पाठवणाऱ्याने किंमत खरी सांगितली, म्हणून जोखीमही खरी धरली गेली. दहा डॉलर लिहिणाऱ्याने दहाहून अधिकची भरपाई मागू नये.

बाहेर पाठवणाऱ्यासाठी आणखी एक कायदा आहे, 1972 चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुने नाणे किंवा पंच्याहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. भोसल्यांच्या रुपयावर किंमत कितीही प्रामाणिकपणे लिहिली, तरी तो पाकिटात घालायचा नाही. हे बंधन मला योग्य वाटते.

नियम बदलतात, तेही अचानक. 29 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढली. त्याच्या चार दिवस आधीच आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले थांबवली होती. ती ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. म्हणून कोणताही दर पाठ करू नका, पार्सल बांधण्याच्या दिवशी विचारून घ्या. तत्त्व मात्र शिकून ठेवा.

नव्या वाचकाला एकच विनंती आहे. प्रत्येक नगासाठी एक कागद ठेवा: कुणाकडून आला, कशाच्या बदल्यात, कोणत्या तारखेला, आणि त्या दिवशी बाजारभाव काय होता. कस्टम अधिकाऱ्याने विचारले तर तोच कागद दाखवायचा आहे, आणि पुढे संग्रह ज्याच्या हाती जाईल त्यालाही तोच लागणार आहे.

जामसांवली, ता. सौंसर, जि. पांढुर्णा