वजन घटवताना होणारा स्नायुक्षय

शरीरातील मेद कमी करण्यासाठी आहार घटवला असता मेदाबरोबर स्नायूंचे वस्तुमानही काही प्रमाणात कमी होते. या घटीला वजन घटवताना होणारा स्नायुक्षय असे म्हणतात. घटलेल्या एकूण वजनापैकी साधारणतः एक-चतुर्थांश वजन मेदविरहित घटकांचे असते, असा ढोबळ नियम आहारशास्त्रात सांगितला जातो. मूळचा मेदसाठा, वजन घटण्याचा वेग, आहारातील प्रथिने, व्यायाम आणि वय यांनुसार हे प्रमाण कमी-अधिक होते. स्नायुक्षय पूर्णपणे टाळता आला नाही तरी पुरेशी प्रथिने आणि स्नायूंवर भार देणारा व्यायाम यांच्या साहाय्याने तो बराच मर्यादित ठेवता येतो.

संकल्पना

शरीराचे वस्तुमान मेद आणि मेदविरहित वस्तुमान अशा दोन भागांत विभागले जाते. मेदविरहित वस्तुमानात स्नायूंखेरीज हाडे, अंतर्गत अवयव, रक्त आणि पाणी यांचा समावेश होतो. त्यामुळे मेदविरहित वस्तुमानातील प्रत्येक घट हा स्नायुक्षय नसतो. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. आहार घटवताच हा साठा वापरला जातो आणि त्यासोबतचे पाणी बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर दिसणारी झपाट्याची घट मुख्यतः या पाण्याची असते.

मेदाच्या ऊतीचे वजन १ किलोग्रॅमने कमी होण्यासाठी सुमारे ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. स्नायूमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश पाणी आणि एक-पंचमांश प्रथिने असल्याने तेवढ्याच वजनाच्या स्नायूत साठलेली ऊर्जा फारच कमी असते. यामुळे स्नायू घटत असताना वजन अधिक वेगाने उतरते. केवळ वजनकाट्यावरील आकड्यावरून मेद किती घटला हे सांगता येत नाही.

शरीरक्रिया

स्नायूंतील प्रथिनांची जडणघडण आणि मोडतोड या दोन्ही क्रिया अखंड चालू असतात. मोडतोडीचा वेग जडणघडणीपेक्षा अधिक राहिला की स्नायू बारीक होतात. आहारातील ऊर्जा कमी पडल्यावर जडणघडण मंदावते. मेंदूला ग्लुकोजची गरज असते. परंतु मेदाम्लांपासून ग्लुकोज तयार करण्याची सोय मानवी शरीरात नाही. त्यामुळे उपासमारीच्या आरंभी स्नायूंतील प्रथिने मोडून निघालेली अमिनो आम्ले यकृताकडे जातात आणि तेथे त्यांपासून ग्लुकोज बनते. उपासमार लांबली तर यकृत मेदापासून कीटोन द्रव्ये तयार करते, मेंदू ती वापरू लागतो आणि स्नायूंवरील ताण कमी होतो. तथापि स्नायूंची झीज पूर्णपणे थांबत नाही.

ज्याच्या शरीरात मेदाचा साठा अधिक, त्याच्या घटलेल्या वजनात मेदाचा वाटा अधिक असतो. मुळातच सडपातळ असलेल्या व्यक्तीने आणखी वजन घटवल्यास तिला स्नायूंची अधिक किंमत मोजावी लागते.

अभ्यासाचा इतिहास

प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नायट्रोजन असल्याने लघवीतून बाहेर पडणारा नायट्रोजन मोजून शरीरातील प्रथिनांच्या झिजेचा अंदाज बांधता येतो. १९१२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी ३१ दिवस केवळ पाण्यावर राहिलेल्या एका स्वयंसेवकाची या पद्धतीने पाहणी केली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. हे सर्व युद्धसेवेस नैतिक कारणाने नकार दिलेले स्वयंसेवक होते. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले आणि शक्ती व उत्साह यांचा मोठा ऱ्हास झाला. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या शरीरात मेद आधी भरून आला आणि स्नायू मागे राहिले. या प्रयोगाचा सविस्तर वृत्तांत १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

१९७० च्या दशकात अमेरिकेत अत्यल्प उष्मांकांच्या द्रवरूप प्रथिनाहाराची लाट आली. यांतील अनेक उत्पादने जनावरांचे कातडे व संयोजी ऊती यांपासून मिळवलेल्या, आवश्यक अमिनो आम्लांच्या दृष्टीने निकृष्ट अशा प्रथिनांची होती. या आहारावर असलेल्या काही व्यक्तींचा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडामुळे मृत्यू झाला. प्रथिनांच्या प्रमाणाइतकीच त्यांची प्रत आणि वैद्यकीय देखरेखही महत्त्वाची आहे, हे या घटनांतून स्पष्ट झाले.

परिणाम

स्नायू हे ग्लुकोज शोषून घेणारे शरीरातील प्रमुख ठिकाण आहे. ते घटल्यास रक्तशर्करेच्या नियंत्रणावर परिणाम होऊ शकतो. तरुण वयात गमावलेले स्नायू व्यायामाने बहुधा परत मिळवता येतात. उतारवयात ते अवघड जाते. वयोमानानुसार होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासासाठी आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया ही संज्ञा रूढ केली. असा ऱ्हास सुरू असलेल्या व्यक्तीने केवळ उपाशी राहून वजन उतरवले, तर जिना चढणे, जमिनीवरून उठणे, पाण्याची बादली उचलणे अशी रोजची कामे कठीण होतात आणि पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. वजन कमी करून पुन्हा वाढवण्याचे चक्र वारंवार झाल्यास, परत येणाऱ्या वजनात मेदाचा वाटा मोठा राहण्याची शक्यता असते.

भारतीय संदर्भ

भारतीयांमध्ये समान उंची व वजनाच्या युरोपीय व्यक्तींच्या तुलनेत सरासरीने मेद अधिक आणि स्नायू कमी आढळतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून ‘बारीक पण मेदयुक्त’ भारतीय ही संकल्पना पुढे आली. पुण्यातील नवजात बालकांतही हे वैशिष्ट्य दिसून आले. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. त्यामुळे वजन बेताचे पण पोट सुटलेले असणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत वजन उतरवण्यापेक्षा स्नायू राखून कंबरेचा घेर कमी करणे हे अधिक योग्य उद्दिष्ट ठरते. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते.

प्रतिबंध

आहार: भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. वजन घटवताना ही गरज वाढते; अशा काळात प्रतिकिलो १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने सामान्यतः सुचवली जातात. कोरड्या डाळी व कडधान्यांत १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम, सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत मेथिओनिन कमी असते. भाकरी-पिठले किंवा वरण-भात यांसारख्या जोड्यांत ही उणीव परस्पर भरून निघते. मात्र उष्मांक कमी करताना प्रथम डाळ, दूध, अंडी वा मासे कमी केल्यास उरलेल्या आहारात प्रथिनांचा तुटवडा पडतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

व्यायाम: स्नायूंवर भार देणारा व्यायाम हा स्नायू टिकवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. वजने उचलणे, रबरी पट्टे ताणणे, तसेच तालमीतील जोर आणि बैठका हे सर्व याच प्रकारात मोडतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करण्याची शिफारस करते. अमेरिकेत १६० स्थूल वृद्धांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आहार नियंत्रणासोबत केवळ दमश्वासाचा व्यायाम करणाऱ्या गटाचे मेदविरहित वस्तुमान ५ टक्क्यांनी घटले. भार देणारा व्यायाम करणाऱ्यांत ही घट २ टक्के, तर दोन्ही व्यायाम करणाऱ्यांत ३ टक्के होती. चालणे हृदयासाठी हितकारक असले तरी स्नायू राखण्यासाठी ते एकटे पुरेसे नसते.

वेग: आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का इतकी घट सामान्यतः सुरक्षित मानली जाते.

मापन

शरीरातील मेद व मेदविरहित वस्तुमान मोजण्यासाठी डेक्सा ही क्ष-किरण तपासणी वापरली जाते. व्यायामशाळांतील विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या काट्यांचे निष्कर्ष शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार बदलतात. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. वस्तुमानाइतकीच स्नायूंची शक्ती महत्त्वाची असते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीची शक्ती पुरुषांत २८ किलोग्रॅमपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती दुर्बलतेची खूण मानली जाते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे हीदेखील अशीच खूण आहे.

प्रचलित गैरसमज

एका दिवसाच्या उपवासाने किंवा एखादे जेवण चुकल्याने स्नायू ‘वितळतात’ हा समज चुकीचा आहे. लक्षणीय स्नायुक्षय होण्यास आठवडे लागतात. स्नायूंचे मेदात रूपांतर होते हेही खरे नाही, कारण या दोन वेगळ्या ऊती आहेत. एक घटून दुसरी वाढू शकते इतकेच. स्नायू वाढवल्यास बसल्याजागी प्रचंड ऊर्जा खर्च होते, हा समजही अतिशयोक्त आहे. विश्रांतीच्या अवस्थेत १ किलोग्रॅम स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो. मेद घटणे आणि स्नायू वाढणे एकाच वेळी अशक्य असते, असेही सरसकट म्हणता येत नाही. व्यायामाची नव्याने सुरुवात करणाऱ्या आणि मेद अधिक असलेल्या व्यक्तींत, प्रथिने पुरेशी असल्यास, हे दोन्ही बदल एकत्र घडू शकतात. अशा वेळी वजनकाटा स्थिर दिसला तरी कंबरेचा घेर कमी होत असतो.