हाडांचा कर्करोग आणि गरिबाचा पाय

वाढत्या वयाच्या मुलाच्या गुडघ्याजवळ सूज येते. खेळतांना पडला असेल अशा समजुतीनें घरचीं माणसें तेल चोळतात, हाडवैद्याकडून लेप बांधून घेतात, आणि दोन-तीन महिने निघून जातात. ऑस्टिओसारकोमा नांवाचा अस्थिकर्करोग गरीब देशांत इतका घातक ठरत आला, तो बव्हंशीं या विलंबामुळें.

वस्तुतः प्रथम संशय येण्यास मोठी सामग्री लागत नाहीं. १८९५ सालीं राँटजेननें क्ष-किरण शोधून काढले. गांठीमुळें हाडावरचें आवरण उचललें जाऊन क्ष-किरण चित्रांत जो त्रिकोण उमटतो, त्याला पुढें बोस्टनच्या कॉडमन या शस्त्रवैद्याचें नांव मिळालें. तो त्रिकोण तालुक्याच्या साध्या यंत्रावरहि दिसतो. तो ओळखणारा मात्र हवा. त्यानंतर सुईनें गांठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावा लागतो. पुढें जो शस्त्रक्रिया करणार, त्याच्याच देखरेखीखालीं हा तुकडा काढावा, हा नियम मोलाचा आहे; कारण सुईच्या वाटेवर कर्कपेशी सांडूं शकतात, आणि भलत्या जागीं छेद घेतल्यास वांचूं शकणारा पायहि तोडावा लागतो.

१९७० पर्यंत पाय तोडणें हाच मुख्य उपाय होता, आणि तो करूनहि पांचांपैकीं सुमारें चार रोगी दगावत. रोगाचे सूक्ष्म अंश आधींच फुप्फुसांत पोंचलेले असत. १९७४ सालीं अमेरिकेंत मेथोट्रेक्सेट व ॲड्रियामायसिन ऊर्फ डॉक्सोरुबिसिन या औषधांचे आशादायक अनुभव प्रसिद्ध झाले. पुढें औषधें व शस्त्रक्रिया यांची जोड मिळाल्यावर, रोग पसरण्यापूर्वीं आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक वांचूं लागले. परंतु मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यावर रक्तांतील त्याचें प्रमाण वारंवार मोजावें लागतें, उतारा द्यावा लागतो. एवढी सोय सर्वत्र कोठून असणार? म्हणून १९४१ सालीं उघडलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें तें औषध वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लाटिन व आयफॉस्फमाइड यांवर आधारलेली योजना बसविली.

पाय राखावयाचा, तर धातूचा कृत्रिम सांधा महाग. तेव्हां रोग्याचेंच हाड कापून काढावें, साफ करावें, शरीराबाहेर त्यावर किरणांचा भारी मारा करावा आणि तेंच पुन्हा बसवावें, ही युक्ति निघाली. जपानांतील कानाझावा येथील त्सुचिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं याहून सोपी रीत प्रसिद्ध केली: हाड उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्यें वीस मिनिटें बुडवावयाचें. गुरांचें रेत टिकविण्यासाठीं खेड्यापाड्यांत वापरतात तोच हा पदार्थ! अर्थात् हाड फार पोखरलें असेल, तर ही रीत चालत नाहीं.

तेथें तोडणेंच भाग. पण तो शब्द ऐकतांच कित्येक आईबाप मूल घरीं घेऊन जातात. तें परत येतें तेव्हां रोग पसरलेला असतो. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं रबराचा जयपुरी पाय घडविला. तो लावून अनवाणी चालतां येतें, शेताच्या चिखलांत उतरतां येतें. नकार देणाऱ्या बापापुढें असा चालणारा मुलगा उभा करणें, हें डॉक्टरच्या शब्दाहून अधिक परिणामकारक ठरावें.